अंतरपाटाचं दुसरं टोक

९ मार्च २०२५
बेसिंगस्टोक

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील, तर आधीच सांगतो, मी स्वतःहून लिहीत नाहीये. अलकामावशीने लिहायला बसवलंय. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन लावला तर वाजतच नाही. राहिलं पोस्ट. काल तिकीट घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या बाईने दोनदा विचारलं, "इंडियाला? नुसतं पत्र?" म्हटलं हो बाई, नुसतं पत्र.

काम एवढंच. आपल्या सुयशचं लग्न ठरलंय, ते तुला मावशीकडून कळलं असेलच. २४ मे, वॉटफर्डजवळच्या हॉटेलात. गुरुजींनी दोन छान मुहूर्त काढून दिले होते, पण दोन्ही कामाच्या दिवशी येत होते. मग बँक हॉलिडेचा शनिवार हाच मुहूर्त ठरला आणि गुरुजींनी पंचांग मिटलं. मावशीचं म्हणणं असं की आईने स्वतःच्या हाताने भरतकाम केलेला अंतरपाट तुझ्याकडे आहे. आईच्या हातचं आता दुसरं काही उरलेलं नाही. बहिणीच्या मुलाच्या लग्नात तो धरला तर मावशीला बरं वाटेल. तेव्हा जमलं तर पाठव.

अंतरपाट दोघांनी धरायचा, दोन्हीकडचा एकेक. आपल्याकडून मी, कारण मी सुयशचा बेस्ट मॅन आहे. इथे तसं असतं. मुलीकडून तिचा भाऊ राज. या माणसाबद्दल मी काही वाईट लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही.

वरदाला, म्हणजे नवरीला, बहीण नाही. तर हा साडेसहा फुटी गृहस्थ पहिल्याच झूम मीटिंगमध्ये म्हणतो, "मी करवली आहे." करवली! हातात दिवा घेऊन तो नवरीच्या मागून चालत येणार, आणि वर फेटा, खाली किल्ट. किल्ट म्हणजे ते स्कॉटिश घागरे. जन्म ग्लासगोचा, वडील सर्जन, आई भूलतज्ज्ञ, आणि हा शाळेत भूगोल शिकवतो. मी लग्नाची एक्सेल शीट केलीय, अकरा टॅबची. मी ती स्क्रीनवर लावल्यावर म्हणतो, "हा काय आहे? लग्न आहे की परीक्षा?" सगळे हसले. सुयशही हसला, गाढव कुठला. आता त्यानेही एक यादी केलीय, वहीत, रंगीत पेनांनी, आणि वरदा म्हणते की राजची यादी जास्त वाचता येते.

असो. जुन्या विषयावर मी काही लिहिणार नाही. चार वर्षांपूर्वी पत्रिका छापून झाल्यावर मी श्रद्धाशी ठरलेलं लग्न मोडलं. तुझ्या सख्ख्या नणंदेशी. त्यानंतर सासरी तुझं काय झालं असेल ते मला कळतं. तू कारण विचारलंस तेव्हा मी म्हणालो, मनाची तयारी नव्हती. तेच खरं आहे, दुसरं काही नव्हतं.

अंतरपाटाचं बघ.

अवधूत


३० मार्च २०२५
बेसिंगस्टोक

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज दाराखाली पडलेली पाकिटं उलटून बघतो. कौन्सिलचं एक, पिझ्झाच्या जाहिरातींची सहा.

आज लिहितोय ते मावशीला न सांगता. तुझ्याशी भांडायची सवय होती गं मला. इथे भांडायला कोणी नाही. म्हणजे एक आहे, पण तो भांडताना हसतो, त्यामुळे मजा येत नाही.

सध्या मंगलाष्टकांवरून जुंपलीय. तुला माहीतच आहे, आपल्याकडे कुणीही उठून मंगलाष्टक रचतं आणि त्यात सगळ्या नातेवाइकांची नावं कोंबतं. गुरुजींची दोन, घरची दोन, एवढं पुरे असा माझा प्लॅन होता. शीटमध्ये सहा मिनिटं लिहिली होती. तर राजचा मेसेज, त्याच्या तीन काकू एकेक म्हणणार आहेत. मी म्हटलं, तुमची तीन तर आमची चार. त्याने पाच केली. मी मावशीच्या भजनी मंडळाला फोन लावला. काल रात्रीपर्यंत त्यांची सात आणि आमची आठ झालीत. आमची आठही मी न वाचता मंजूर केली, कारण प्रश्न तत्त्वाचा होता. हरायचं कशासाठी?

सुयश म्हणाला, "अरे, लग्न आमचं आहे." त्याला म्हटलं, तू गप्प बस.

एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून खरं तर बसलो. मावशी परवा माझ्याकडे आली होती, शेंगदाण्याची चटणी घेऊन. माझं किचन आवरलं, पडदे धुवायला टाकले, आणि मग म्हणाली, "आसावरीशी बोलले मी. तू लग्नाचं मनावर घेतलंस, तर ती बोलेल तुझ्याशी. तिची नणंद परत हसतीखेळती झालीय, राग आहे तो तू एकटा भटकत राहिलास याचा. तू हो म्हण, तिला मी आणते." मग पिशवीतून एक फोटो काढला. ईशानी. वॉटफर्डचीच, फार्मसिस्ट, दिसायला चांगली. लग्नात भेटायचं म्हणे, फक्त भेटायचं.

खरं का गं ताई? तू असं म्हणालीस? मी हो म्हटलं तर तू बोलशील?

मी मावशीला विचार करतो म्हणालो. चटणी मात्र आईसारखीच झालीय.

अवधूत


२२ एप्रिल २०२५
बेसिंगस्टोक

ताई,

ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत मी ग्लासगोला जाऊन आलो. आनंदाने नव्हे. मुलीकडच्यांचं रुखवत व्हॅनने वॉटफर्डला आणायचं होतं आणि राजला दुसरा ड्रायव्हर हवा होता. मावशीने माझं नाव पुढे केलं. तिकडे काय काय ठरतंय यावर लक्ष ठेव, म्हणाली.

वरदाचे वडील, डॉक्टर पुरुषोत्तमकाका, कमी बोलणारे. मला जेवायला वाढताना एवढंच म्हणाले, "राज तुमच्याबद्दल फार बोलतो." मी म्हटलं, तक्रारच करत असेल. ते म्हणाले, "हो, पण रोज."

आता रुखवत ऐक. त्याच्या तीन काकूंनी मिळून थर्माकोलचा किल्ला केलाय, एडिनबरोचा. त्यावर मोती, टिकल्या, वर भगवा झेंडा, आणि बुरुजावर बॅगपाइप वाजवणारा गणपती. व्हॅनमध्ये मागे ठेवला तर बुरुज मोडेल म्हणून काकूंनी तो माझ्या मांडीवर ठेवला, वरून सीटबेल्ट लावला आणि दार बंद केलं. मला ना खाली उतरता येत होतं ना नाक खाजवता येत होतं. दोन्ही हातांनी किल्ला धरायचा, एवढंच काम.

आणि लँकेस्टरच्या अलीकडे एम-सिक्स हायवे बंद पडला. पुढे अपघात झाला होता. साडेतीन तास गाडी जागची हलली नाही. लोक उतरून रस्त्याकडेच्या पट्टीवर चहा पीत होते आणि मी किल्ल्याखाली. राज मला चकल्या भरवत होता. दुसरा इलाज नव्हता, हात गुंतलेले.

मग त्याने विचारलं, "तुझी बहीण का नाही येत?"

तू म्हणशील दुसरं काहीतरी सांगायचंस. तोंडात चकली आणि मांडीवर एडिनबरो असताना माणसाला खोटं सुचत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. श्रद्धाचं, पत्रिकांचं, तू विमानतळावर मला म्हणालीस ते, "आजपासून मला भाऊ नाही." आणि लग्न का मोडलं तेही सांगितलं. तुला न सांगितलेलं त्याला सांगितलं याचा मला अजून त्रास होतोय.

तो हसला नाही. म्हणाला, "चार वर्षं? एकटा?" मला आणखी एक चकली भरवली. मग म्हणतो, "कानपिळी मला येत नाही. तुझी कान दे, मी प्रॅक्टिस करतो."

नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. बेस्ट मॅनचा कान पिळायची पद्धत कुठल्याच शास्त्रात नाही. पण माझे दोन्ही हात किल्ल्याला. त्याने कान धरला, पिळला, मी ओरडलो, बॅगपाइपवाला गणपती हलला. मग त्याने पिळणं थांबवलं, पण हात तिथून काढला नाही.

तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न दिला. रस्ता मोकळा झाला होता.

किल्ला सुखरूप पोचला. मीही. तुला माझं हे पत्र विचित्र वाटेल. मला स्वतःलाच वाटतंय.

अवधूत


११ मे २०२५
बेसिंगस्टोक

ताई,

मी हो म्हटलं.

मावशीला काल फोन केला आणि सांगितलं, ईशानीला भेटतो, पसंत पडली तर दिवाळीत बघू. मावशी फोनवर रडली. म्हणाली, आसावरीला आजच कळवते. तेव्हा आता तुला कळलंच असेल. आता तरी बोल.

तू खुश असशील असं मी मनाशी घोकतोय, कारण मी नाहीये. खरं सांगतो, हो म्हणायचं मनाशी ठरवल्यापासून कामात लक्षच नाही. ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसतो. मॅनेजरने विचारलं, ठीक आहेस ना? म्हटलं, घरात लग्न आहे.

राज गेल्या तीन शनिवारी इथे आला होता. मंगलाष्टकांची यादी नक्की करायला. ग्लासगोहून बेसिंगस्टोकला. यादी ई-मेलने पाठवता येते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पहिल्या शनिवारी आम्ही यादीवरून भांडलो. दुसऱ्या शनिवारी यादी काढलीच नाही, त्याने मला त्याच्या पद्धतीचं पिठलं करून घातलं, गुठळ्यांसकट, आणि मी दोनदा घेतलं. तिसऱ्या शनिवारी म्हणजे काल मी त्याला सांगितलं की मी मावशीला हो म्हणणार आहे.

तो म्हणाला, "का?"

मी म्हटलं, "मला माझी बहीण परत पाहिजे."

त्याने कोट उचलला. मग दारात उभा राहून म्हणाला, आणि त्याचं मराठी मी जसंच्या तसं लिहितो, "मी आईबाबाला सांगितलो तेव्हा मी बावीस होतो. बाबा एक वर्ष माझ्याशी बोलला नाही. एकच घरात, एक वर्ष. मग एक दिवस त्याने मला भात वाढला. मी तुला रागवत नाही, अवधूत. पण मी परत लपणार नाही. तुझ्यासाठी पण नाही." आणि गेला. पिठल्याचं पातेलं माझ्याकडेच राहिलंय.

तू माझ्याहून नेहमीच हुशार. आतापर्यंत काय ते तुला समजलं असेल. समजलं नसेल तर बरंच आहे, कारण मी लिहिणार नाही. एकीकडे तू, एकीकडे तो, आणि मध्ये मी दोन्ही हात अडकवून. मी तुला निवडलं, ताई. एवढं लक्षात ठेव.

अंतरपाट राहू दे. वेळेत पोचणार नाही आता.

अवधूत


२६ मे २०२५
बेसिंगस्टोक

ताई,

झालं लग्न. आणि माझंही वाटोळं झालं. सगळं सांगतो, यावेळी काही न गाळता. मावशीकडून तुझ्या कानावर काहीतरी आलंच असेल, आता माझ्याकडून ऐक.

आईचा अंतरपाट नव्हता, म्हणून राजच्या मोठ्या काकूंनी टेबलक्लॉथ आणला होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. त्यांच्या सासूबाईंचा, जाड लिनन, बारा जणांच्या टेबलाचा. चौपदरी केला तरी ओल्या सतरंजीएवढा जड. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला फेटा आणि किल्टमधली करवली. सकाळपासून त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मध्ये कापडाच्या या बाजूला सुयश, त्या बाजूला वरदा, पाठीशी तिचे मामा. गुरुजींनी सुरुवात केली.

आणि मग ती पंधरा मंगलाष्टकं.

ताई, सात आणि आठ! गुरुजींची दोन त्याच्या वर! कोणी केली ही यादी? आम्ही दोघांनी! दोन्ही हात खांद्याच्या वर धरून आम्ही उभे. चौथ्याला बोटं बधिर झाली. सातव्याला त्याच्या धाकट्या काकू चाल विसरल्या आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. पाहुण्यांच्या हातातल्या अक्षता घामाने चिकटल्या. सोडता येत नाही, खाली घेता येत नाही, कारण मुहूर्ताआधी अंतरपाट खाली आला तर दोन्ही घरं जन्मभर बोलतील. अकराव्याला मी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. त्याचेही हात थरथरत होते. तो ओठ न हलवता म्हणाला, "तुझी आठ होती ना? भोग."

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

शेवटचं आमच्या मावशीचं. स्वतः रचलेलं. मी न वाचता मंजूर केलेलं. मावशी माइकजवळ गेली, पदर सावरला, आणि सुयश-वरदाचं सगळं गाऊन झाल्यावर तिसऱ्या ओळीला माझ्याकडे बघून आवाज चढवला:

"होवो त्या अवधूतचेहि जमुनी, ईशानि येवो घरी..."

दोनशे माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भजनी मंडळाने माझ्यावरच अक्षता टाकल्या. तिसऱ्या रांगेत ईशानी जागच्या जागी लाल झाली, आणि ती लाजून नव्हे, रागाने. मागाहून तिने मला सांगितलं की तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आणि दुसरं टोक खाली यायला लागलं. राजचे हात सुटत होते. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ताई, मला श्रद्धा आठवली. पत्रिका छापल्याचं कळल्यावर फोनवर कशी आनंदाने बोलत होती, आणि मी नुसता हो-हो करत होतो. तेव्हाही मी असाच उभा होतो, हात गुंतवून, कोणीतरी आपोआप सोडवेल म्हणून. कोणी सोडवलं नाही आणि भोगावं तिला लागलं. इथे परत तेच. यावेळी ईशानी.

मी म्हणालो, "राज, वर धर. खोटं आहे ते. मी नाही करणार. मला तू पाहिजेस."

हळूच म्हणणार होतो. पण चाळीस मिनिटं हात वर धरल्यावर आवाज ताब्यात राहत नाही. सुयशने ऐकलं, वरदाने ऐकलं, मामांनी ऐकलं. गुरुजींची पोथी वरच थांबली. कापडाच्या पलीकडून वरदा म्हणाली, "फायनली!" आणि अलीकडून सुयश म्हणाला, "अरे, आधी माझं तर होऊ दे!"

टोक वर गेलं. इतकं वर की कापड तिरकं झालं. गुरुजींनी घसा साफ केला आणि असं काही "सावधान" म्हटलं की वाजंत्रीवाले दचकून वाजवायला लागले.

नंतर कानपिळीच्या वेळी राजने सुयशचा कान धरला, पण बघत माझ्याकडे होता. पुरुषोत्तमकाकांनी पंगतीत माझ्या पानात स्वतः भात वाढला. त्याचा अर्थ मला माहीत होता, म्हणून मला जेवताच येईना.

मावशी माझ्याशी बोलत नाहीये. जाताना फक्त म्हणाली, "आसावरीला आता काय तोंड दाखवू?" हाच प्रश्न मला आहे.

तर आता स्पष्ट लिहितो. मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हाही माहीत होतं. श्रद्धामध्ये काही म्हणजे काही कमी नव्हतं. लोक तिला नावं ठेवत होते तेव्हा मी इथे सुरक्षित बसून होतो, कारण खरं सांगायची माझी छाती नव्हती. तू म्हणालीस तुला भाऊ नाही. मी तेही ऐकून घेतलं, कारण ते सोपं होतं. या गोष्टीची मला लाज वाटते. राजची वाटत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी तुला निवडलं. ते मला झेपलं नाही. मला तू हवीच आहेस, पण लग्नाला खोटं हो म्हणून मिळणार असशील तर मला तुला सोडावं लागेल. हे लिहिताना मी रडतोय, शाई पसरलीय ती त्याची.

तुझाच,
अवधूत


१४ जून २०२५
नागपूर

अवधूत,

तुझी पाचही पत्रं माझ्याकडे आहेत. एकही फाडलं नाही. पहिली चार कपाटात साड्यांखाली ठेवली होती. शेवटचं तुझ्या भाऊजींनी आधी वाचलं, कारण मी स्वयंपाकघरात होते आणि पाकीट त्यांच्या हातात पडलं. ते ओट्याजवळ येऊन म्हणाले, "हे तू बसून वाच."

बसून वाचलं. मग तुला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या काकू येऊन गेल्या.

काय करून राहिला होतास रे तू चार वर्षं? माझ्या सासूबाई मला म्हणाल्या की तुझ्या माहेरची माणसं अशीच. श्रद्धाने दोन स्थळं नाकारली, कारण तिला वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. मी तिच्या उशाशी बसून काढलेत ते दिवस. एक शब्द, अवधूत. एक शब्द मला सांगितला असतास तर मी निभावून नेलं असतं. तुझी मोठी बहीण आहे मी. तुला काय वाटलं, मी काय करीन? तुला आंघोळ घालत होते मी लहानपणी.

आणि मावशीला मी असलं काही म्हणाले नाही. ती म्हणाली, अवधूत लग्नाला तयार होतोय, मी म्हटलं, "बघू." एवढंच. बाकीचं तिने शेंगदाण्यांबरोबर कुटलं.

लगेच काही विसरणार नाही मी. तसं समजू नकोस. आधी श्रद्धाला पत्र लिही. मला लिहिलंस तसं, काही न गाळता. तिचा पत्ता मागे लिहिलाय. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, सुखात आहे, पण खरं कारण तिला तुझ्याकडून कळायला पाहिजे. ती काय म्हणते त्यावर मला बोलायचंय तुझ्याशी. तुझे भाऊजी म्हणतात की माणसाने इतकं घाबरायला नको होतं. मला वाटतं, आम्हीही तू घाबरावंस असेच होतो.

मार्चमध्ये तू अंतरपाट मागितलास आणि मी पाठवला नाही, तो रागाने नव्हे. आई जाण्याआधी दोन दिवस शुद्धीवर होती, तेव्हा तिने मला घडी दाखवून सांगितलं होतं, हा अवधूतच्या लग्नाला लागेल, कोणाला देऊ नकोस. मग सुयशला तरी कसा देऊ? आता या पत्राबरोबर पार्सल केलाय. कुरियरवाल्याने आत काय म्हणून विचारलं, मी म्हटलं, कापड. कडेला हिरव्या दोऱ्याचा एक टाका सुटलाय, तो ओढू नकोस, तसाच राहू दे. वजन काही नाही त्याला, आईने मुद्दाम मऊ मलमल घेतली होती. माझ्या लग्नात धरणाऱ्यांचे हात दुखले होते म्हणून.

त्याला भूगोल येतो ना? मग नागपूर कुठे आहे ते त्याला माहीत असेल. पुढच्या हिवाळ्यात दोघं या. पिठलं मी करीन, त्याला हात लावू देऊ नकोस.

तुला अनब्लॉक मी इतक्यात करणार नाही. फोनवर तू परत म्हणशील, मनाची तयारी नव्हती. कागदावर खरं बोलतोस, तर पत्रच लिही.

आणि अंतरपाट जपून ठेव. लागेल तेव्हा एक टोक मी धरणार आहे. दुसरं पुरुषोत्तमकाकांना विचारून ठेव. मंगलाष्टकं दोनच.

ताई